बाटलीवरचं टेंभुर्णी

आमच्या आत्याशी सौदा करणं सोपं नाही, एवढं आधीच सांगतो. टेंभुर्णीजवळ आमचा घरचा व्हिस्कीचा कारखाना आहे. आजोबांनी तांब्याच्या एकाच भांड्यावर तो सुरू केला. आता लाकडी पिंपांनी भरलेली दोन गोदामं आहेत आणि कुठलं पिंप कधी उघडायचं, ते आत्याच हुंगून ठरवते.

परवा मुंबईहून एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. सगळं फिरून बघितलं, दोन घोट घेतले आणि डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "सगळा माल आम्ही घेतो. फक्त बाटलीवरचं टेंभुर्णी काढा, एखादं विलायती नाव टाका."

एवढी मोठी ऑर्डर आम्हाला कधीच आली नव्हती. मी आत्याकडं बघत राहिलो.

"का बरं काढायचं?" आत्यानं विचारलं.

"अहो ताई, टेंभुर्णीत लोक गाडी बदलायला उतरतात. व्हिस्कीसाठी कोण उतरणार?"

आत्यानं त्यांच्यापुढची बाटली उचलली आणि बूच लावलं.

"तुमी उतरलाच की."

ऑर्डर हातची गेली. नव्या बाटल्यांवर आत्यानं टेंभुर्णी दुप्पट मोठ्या अक्षरांत छापून घेतलंय.