घासून लख्ख केलेला तवा

“तिच्यासमोर बोलू नको, पण आपला तवा गेला बघ,” सासूबाई माझ्या जावेला हळूच सांगत होत्या. मी दाराआडच होते.

अगं, आदल्या दिवशी सगळ्यांना खूश करायला मी त्यांचा गंगाखेडच्या बाजारातला काळाकुट्ट लोखंडी तवा तारेच्या घासणीनं आरशासारखा लख्ख केलेला. धपाट्यांचं तेल पिऊन पिऊन मुरलेला थर मी मळ समजले! सकाळी ज्वारीची भाकरी तव्याला जी चिकटली, ती उलथन्यानं खरवडून वाढावी लागली. सासरे म्हणाले, “लय खुसखुशीत झालीय.” मला ताटातून डोकं वर काढवेना.

जाऊबाई सासूबाईंची समजूत घालत होत्या, “जाऊ द्या आत्या, धपाटे कढईत लावू. ती हाय की अजून काळी.”

आता मात्र मला आत जावंच लागलं.

“आत्या, कढई पण कालच घासली मी.”