मॅडमचं नाव कुणी सुचवलं?

अरे, आमच्या चिंचवडच्या ऑफिसात मोठ्या पदांसाठी माणसं शोधतात ना, तिथली गोष्ट. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेला प्रमुख हवा होता, म्हणून मी संत तुकाराम नगरच्या एका निवृत्त प्राचार्य मॅडमना फोन केला.

“माझं नाव कुणी दिलं? कुणाचा डाव आहे हा?” त्या काही ऐकेचनात.

शेवटी सांगून टाकलं, “चाकणच्या एका कॉलेजच्या अध्यक्षांनी.”

“त्यांनी? मी तपासणीला गेले, तेव्हा लॅबमध्ये शेजारच्या कंपनीतली उसनी मशिनं मांडली होती. दर्जा नाकारला, तर वर्षभर माझ्याविरुद्ध तक्रारी केल्या त्यांनी!”

“हो मॅडम. ते म्हणाले, बाई कशालाच बधल्या नाहीत, त्यांनाच घ्या.”

मॅडम म्हणाल्या, “अर्ज करते. पण आधी सांगा, त्यांनी स्वतःची मशिनं घेतली का?”