जीजाजींची बादली

भिया, कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरबरोबर पिकनिकला कधी जाऊ नये. आमचे जीजाजी देवासला त्याच नोकरीत आहेत. मागच्या रविवारी धारहून सगळे नर्मदेवर नावेतून फिरायला गेलो, तर यांनी नावेच्या कठड्याला स्क्रूने लावायची, निखाऱ्यांवर भाजायची नवीकोरी ग्रिल आणलेली. आधी अर्धा तास भाषण झालं. वारा कुठून येतो, निखारे किती हवेत, आणि आग लागलीच तर विझवायला बादलीभर पाणी. ते पाणी त्यांनी देवासहून भरून आणलं होतं. नर्मदेवर!

ग्रिल कठड्याला लावून पनीर, भुट्टे मांडून झाले. आम्ही भुकेने कासावीस. जीजाजी काडी ओढणार, तेवढ्यात माझी काकू म्हणाली, "थांबा जावईबापू. नवी वस्तू आहे, आधी पूजा."

तिने ग्रिलला हळदकुंकू लावलं आणि नारळ पुढे केला. "फोडा."

नावेत दगड कुठला? जीजाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि नारळ ग्रिलवरच आपटला. नारळ फुटला. पण एवढ्या भाषणात स्क्रू आवळायचे राहिले होते. ग्रिल पनीर-भुट्ट्यांसकट नर्मदेत गेली.

काकूने नदीला हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा जीजाजींच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या प्रसाद. आणि ती बादली ओतून टाका आता, आगीची भीती गेली."