तारेतला सोमवार

पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती. येरमाळ्याच्या स्टँडवर एक गुरुजी बी.ए.च्या परीक्षेसाठी इंग्रजी उतारे घोकत बसले होते. त्यांच्यापुढं धोंडीबा तार घेऊन उभा, आणि मागं त्याची बायको कडूबाई पदरात तोंड लपवून.

“गुरुजी, पोरगं फौजेत हाय. तार इंग्रजीत आलीया. वाचा की.”

“अख्खं वाचत बसायचं नसतं, धोंडीबा. नोकरी करून परीक्षा देणाऱ्याला एवढा वेळ कुठला? प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ उतरवायची. विचारा प्रश्न.”

“पोरगं जितं हाय का?”

“थांबा... ‘जिवंत’ असा शब्द यात नाही.”

“आगं आई येडाई, धाव गं!”

“कडूबाई, रडू नका. ‘मेला’ हाही शब्द नाही.”

“मंग हाय तरी काय?”

“सोमवार आहे.”

“सोमवारी काय झालं?”

“तसा प्रश्न परीक्षेत येत नाही.”

“कितव्यांदा बसताय परीक्षेला?”

“तिसऱ्यांदा. यंदा पास झालो, की हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मीच.”

तेवढ्यात बसमधून कंडक्टर उतरला.

“आणा बाबा ती तार इकडं. रजा मिळाली, सोमवारी घरी पोचतो, असं कळवलंय पोरानं. रडताय कशाला?”

“ऐकलं का गुरुजी?”

“ऐकलं की! सोमवार मी आधीच सांगितला होता. निम्मे मार्क माझे.”