मामांनी अर्धेमुर्धे पाहिलेले सिनेमे

आजच्या या छोटेखानी समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई. व्यासपीठावर बसलेले किडनी विभागाचे डॉक्टरसाहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले डायलिसिस टेक्निशियन मामा, आणि त्यांच्या शेजारी पहिल्यांदाच इथे आलेल्या मामी. सर्व सिस्टर, वॉर्डातले कर्मचारी. आणि समोर बसलेल्या, एकाच मशीनला बांधलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

पेशंटांच्या वतीने बोलायला मला उभं केलंय. का, तर मी शाळेत शिवण शिकवत होते, म्हणून. आता शिवणाच्या बाईला भाषण येतं हा शोध कुणी लावला, देव जाणे! पण मामांबद्दल बोलायचं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

मामींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये एकच टीव्ही आहे आणि त्याचा रिमोट मामांच्या खिशात असतो. त्यावर लागतात ते मारामारीचे सिनेमे, नाहीतर पोलिसांच्या मालिका. मी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली, "मामा, इथे आम्ही आजारी माणसं, जरा शांत काहीतरी लावा." तर म्हणाले, "बाई, शांत लावलं की सगळे झोपतात, आणि झोपेत बीपी कधी पडलं ते कळत नाही. गाडी उडाली की कसे टक्क जागे राहता!"

बरं, एवढी हौस, पण या गृहस्थाने एक सिनेमा धड पाहिलेला नाही. हिरोने दार लाथेने उघडलं, की इकडे कुठल्यातरी मशीनचा अलार्म वाजलाच. मामा धावले. परत येतात तर हिरो हेलिकॉप्टरला लोंबकळतोय. मधे काय झालं? ते सांगायचं काम आमचं. सुई काढल्यावर कापसाचा बोळा दाबून धरून बसावं लागतं ना, तेवढ्या वेळात ज्याने त्याने मामांना सुटलेली गोष्ट सांगायची, असा आमच्याकडे रिवाजच पडला. एकदा तर त्यांनी एक अख्खी मालिका खलनायकालाच हिरो समजून पाहिली. त्याला बेड्या पडल्या तेव्हा केवढे हळहळले! "एवढा कष्टाळू माणूस हो, दिलेली वेळ कधी चुकवली नाही." आम्ही हसून हसून बेजार, आणि सिस्टर ओरडताहेत, "हात हलवू नका!"

पण मतं मात्र ठाम. गाड्या फोडायला हरकत नाही, काचा कोण झाडतो ते एकदा दाखवा, हे एक. हिरोवर झाडलेली गोळी मालिकेत तीन भाग हवेतच फिरते, हे दुसरं. आणि सगळ्यात मोठा राग कशाचा? हिरो हॉस्पिटलात शुद्धीवर येतो, हातातली सुई खस्सकन उपटतो आणि तरातरा चालू लागतो. झालं! मामा हातातलं काम टाकून पडद्यापुढे उभे. "अरे गाढवा, दाब! दाबून धर की रे!" मागून आम्ही सगळे, "दाबून धर!" एकदा डॉक्टरसाहेब धावत आत आले होते, त्यांना वाटलं खरंच कुणाचं रक्त वाहतंय. डॉक्टर, तुम्ही हसताय, पण त्या दिवशी तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता जे सांगणार आहे ते माझ्या धाकट्या बहिणीला विचारून सांगते, ती मागच्या रांगेत बसली आहे.

गेल्या वर्षी मला हे सगळं नको झालं होतं. हात सुजलेला, तोंडाला चव नाही, पाणीसुद्धा मोजून मापून प्यायचं. हिला म्हटलं, "उद्यापासून मी जाणार नाही. पुरे झालं." ही रडली, समजावलं, रागावली. मी ढिम्म. डायलिसिसचा वार आला, वेळ टळली, मी गेले नाही. आणि मामांचा फोन आला. मला वाटलं, आता उपदेशाचा डोस. तर म्हणतात कसे, "बाई, तो इन्स्पेक्टर पुलावरून पडला, त्याचं पुढे काय झालं? तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या वकीलसाहेबांना विचारलं तर म्हणाले, पाण्यात पडला असावा. असावा! ही काय सांगायची पद्धत झाली?"

मी म्हटलं, "मामा, उगाच लाडीगोडी नको. मी येणार नाही."

मग म्हणाले, "बाई, मला भीती वाटते हो. तुमची खुर्ची रिकामी ठेवून मला आज घरी जाववणार नाही." रोज पन्नास गाड्या उडताना बघणारा माणूस! मी चपला घातल्या आणि निघाले. गेल्यावर त्यांनी सुई लावली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हापासून माझं बरं चाललंय. भूक लागते, बहिणीशी भांडायला जोर येतो. मामा, हे तुमच्यामुळे.

मामांच्या जागी आलेली मुलगी तिकडे दाराशी उभी आहे. तिला मारामारी बघवत नाही म्हणे, डोळ्यांवर हात घेते. आणि सुई मात्र पापणी न लववता घालते! परवा तिच्याकडून पहिली सुई मी लावून घेतली. दुखली, खोटं कशाला बोलू? मामा बाजूला उभे होते, हात पाठीमागे बांधून. घामाघूम झाले होते. ती गेल्यावर हळूच म्हणाले, "बाई, मी गेल्यावर याल ना?" मी म्हटलं, "मामा, टीव्हीचा आवाज वाढवा."

मामी, आता हे तुमच्या ताब्यात. घरी यांना एक सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवा. आवडला नाही तर आम्हाला दोष देऊ नका.

मला बोलू दिलंत, इतका वेळ ऐकून घेतलंत, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला असेल, काही जास्तीचं निघून गेलं असेल, तर पोटात घाला. आणि नाहीच घालवलं, तर उद्या सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीपाशी येऊन मला चार शब्द सुनवा. उद्या माझा वार आहे, मामा. मी असेन तिथे.