पांढरी रेघ दिसंना

न्हाई नाना, थांबा — वस्तरा खाली ठेवा जरा. डोकं भिजवा, पानी लावा, पन वस्तरा नगं अजून. व्हय, ठावं हाय मला, भटजी खोळंबलेत. पळसाच्या पानांचा पुतळा मांडून झालाय, दिसतंय हितनं. तीन महिने वाट बघितली, अंग काय घावलं न्हाई कानिफदादाचं, म्हनून पानं. एवढा धिप्पाड मानूस, अन् पानं! त्याचं जावळ तुमीच काढलं ना, पुंजारामनाना, ह्याच घाटावर? मंग बघा की तिकडं — वाटतो का तो दादा?

तुमी इचारलंत म्हनून सांगतो — न्हाई, तुमी कुठं इचारलं, मीच सांगतोय. लक्षद्वीपला गेल्ता तो, सेंट्रिंगच्या कामाला. बोटी लागायचा धक्का बांधत हुते तिथं. बेट केवढं? आपल्या गावठानाएवढं. ह्या अंगानं चालत निघालं की बिडी संपायच्या आत त्या अंगाचा समुद्र. मी म्हनलं, दादा, भ्या न्हाई वाटत? तर हसला. म्हनला, भवती पोवळ्याच्या खडकाचं कडं हाय रे, शेताच्या बांधावानी. लाट तिथंच फुटती. आतलं पानी शेततळ्यासारखं गप. रोज दाखवायचा मोबाईलवर तो बांध — लांब, पांढरी रेघ नुस्ती. लाटा फुटायची जागा.

अन् वादळ तर आलंच न्हाई ओ तिथं! ते लांब, दुसऱ्याच वाटंनं चाललं हुतं. बातम्यांत लाल गोल फिरत हुता, मी मोबाईलवर बोटं लावून मोजलं, दादापसनं चार बोटं लांब. म्हनलं, चार बोटं म्हंजे लई झालं. मुकादमानं समद्यांना बजावलं हुतं, पान्याकडं जाऊ नगा. पन वर आभाळ निळं, माडाचं पान हलंना, मंग मानूस भिईल कशाला? आभाळ बघूनच ठरवतो ना आपन — हां. तुमी नदीकडं बघितलंत. बघा, बघा. हितं गोदावरी चढती तवा पुनतांब्यात पाऊस असतो का? कडक ऊन असतं, अन् नाशकात पडलेलं पानी येऊन ह्या पायऱ्या बुडवतं. ह्याच पायऱ्यांवर वाढलो आमी दोघं. लांबचं पानी मागाहून येतं, हे पोराटोरालाबी कळतं गावात — मला कळलं न्हाई. त्या वादळाच्या लाटा दोन दिस चालत आल्या, अन् समुद्रच फुगला. बांधच पान्याखाली गेल्यावर लाट तिथं फुटंल कशाला? आख्खीच्या आख्खी वरनं आत आली.

दादा कुठं हुता? नव्या धक्क्याच्या टोकाला. बाकीचे समदे वर शाळेत बसल्याले, तो एकटाच. कशाला गेल्ता म्हनजे — गेला. फोनवर बोलत बोलत गेला… मी हुतो फोनवर, नाना. टपरीवर चार पोरं हुती माझ्यासंगं, त्यांना समुद्र दाखवायचा हुता मला. मीच म्हनलं, दादा, काय दिसंना, म्होरं जा की जरा — का भ्यालास? पोरांम्होरं म्हनलो. हसला तो, गेला म्होरं. टोकाला जाऊन म्हनला, अमृत, आज पांढरी रेघ दिसंना रे. एवढंच म्हनला. अन् मी पोरांकडं बघून खिदळत हुतो. मंग मोबाईलमधी नुस्तं हिरवं झालं. मला वाटलं रेंज गेली. शिवी दिली मी रेंजला.

वहिनीला ठावं न्हाई. ती रोज इचारती, शेवटी काय बोलले वो? मी म्हनतो, जेवलीस का इचारत हुता तुला. रोज तेच इचारती, रोज तेच सांगतो. काल म्हनली, तेवढं इचारलं ना, बास झालं मला — असं म्हनली नाना, अन् माझ्याच ताटात भाकरी वाढली.

गप. ती उठली. तांब्या घेऊन हिकडंच येतीया. काय बोलू नगा तिला, हात जोडतो. फिरवा वस्तरा — घातली मान खाली, फिरवा की. नाना… तुमचा हात का थांबला?