साच्याच्या मीटरवर आईचे ठोके

जयवंत : आई, बोट हलवू नकोस. आकडा चुकतो.

मीराबाई : नाक खाजलं रे.

जयवंत : दुसऱ्या हाताने खाजव.

मीराबाई : दुसऱ्या हातात झेंडा आहे.

जयवंत : मग झेंडा खाली ठेव. मोर्चा निघायला वेळ आहे अजून.

मीराबाई : झेंडा खाली ठेवत नाहीत.

लतिका : (दारातून) मीराकाकी, निघायचं ना? चाळीतल्या सगळ्या बायका खाली जमल्यात. अगो बाई, बोटाला काय लावलंय हे?

मीराबाई : ये लतिका, बस. मी आत्ता परीक्षेला बसलेय.

जयवंत : हृदयाचे ठोके मोजायचं मशीन आहे, लतिकाताई. मी बनवलंय.

लतिका : मला वाटलं रेडिओ उघडलाय.

जयवंत : रेडिओचाच वॉल्व्ह आहे आत. हा बल्ब बोटावर उजेड टाकतो. ठोका पडला की बोटात रक्त भरतं, पलीकडे उजेड कमी जातो. खाली सिनेमाच्या मशीनमधला फोटोसेल आहे, त्याला तेवढं कळतं. मग टिक होतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो.

लतिका : हे आकडे कुठेतरी बघितलेत मी.

मीराबाई : बघितले असशील. ह्याचे बाबा मिलमध्ये ज्या साच्यावर कापड विणायचे, त्याचं मीटर ते. सुताचा धोटा एकदा आरपार गेला की एक आकडा. मिलने नवीन बसवलं, हे भंगारात टाकलं. ह्याने उचलून आणलं.

लतिका : पण मोर्च्याच्या दिवशी कशाला ते?

मीराबाई : डॉक्टर म्हणाला, ठोके शंभराच्या वर गेले तर जिना उतरायचा नाही. तेव्हा आमच्यात ठरलंय. शंभराच्या आत आले तर मी मोर्च्याला. वर गेले तर घरात.

जयवंत : झालं मिनिट.

लतिका : किती?

जयवंत : शून्य.

लतिका : म्हणजे?

मीराबाई : शून्य शंभराच्या आत येतं. निघू?

जयवंत : आई, बस खाली! एकही ठोका कसा नाही? तार जोडलेली आहे, बल्ब पेटलाय... बोट दाखव बघू. हे काळं काय आहे?

मीराबाई : तव्याचं असेल.

जयवंत : तव्याला तंबाखूचा वास येतो? उजेड जाईल कसा आरपार? तू मिश्री लावलीस. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती ना?

मीराबाई : बंदच आहे. आज सणाची म्हणून लावली.

लतिका : काकी, काल पण सण होता?

मीराबाई : तू कुणाच्या बाजूची गो?

जयवंत : डावा हात दे. झेंडा उजव्यात घे. आता बोलू नकोस. लतिकाताई, तू पण.

(थोडा वेळ फक्त मीटरची टिकटिक.)

लतिका : अठ्ठ्याऐंशी! काकी, उठा.

जयवंत : थांबा. मशीन नवीन आहे, चुकत असेल.

मीराबाई : मिश्री पकडली तेव्हा बरोबर होतं?

लतिका : स्वतःचं बोट घालून बघ ना. जवान माणूस तू, नीट आलं तर मशीन नीट.

जयवंत : माझं कशाला?

मीराबाई : घाल रे झिला. तुझ्या आईने दोनदा घातलं.

(पुन्हा टिकटिक, जरा घाईची.)

मीराबाई : किती?

जयवंत : नीट दिसत नाही.

लतिका : मला दिसतंय. एकशे अठरा.

मीराबाई : तुला जिना चढायला लावला का कुणी?

जयवंत : बसलोय की इथे.

मीराबाई : कधीपासून होतंय हे?

जयवंत : तू ट्रंकेतून झेंडा काढलास तेव्हापासून.

लतिका : मी खाली जाते, काकी.

मीराबाई : थांब. आपण सगळेच जाऊ. जयवंता, मोर्च्यात काही होईल म्हणून भितोस?

जयवंत : मोर्च्याला नाही भीत. बाबांना पण कुठे काय होत होतं? डबा घेतला, जिना उतरले. साच्यापाशी पडले, तिथेच गेले, तरी साचा चालूच होता. मीटरचे आकडे पुढे जात होते. त्यामुळे बाजूच्या माणसाने वळूनसुद्धा बघितलं नाही.

मीराबाई : मला माहीत आहे.

जयवंत : तेच मीटर आहे हे.

मीराबाई : ते पण माहीत आहे. म्हणून तर बोट घातलं. बंद कर आता आणि चप्पल घाल.

जयवंत : माझे शंभराच्या वर आहेत. नियमाने मला जिना उतरता येत नाही.

मीराबाई : मी धरून उतरवते. लतिका, तू पुढे हो, हा झेंडा घे. मला हात मोकळा पाहिजे. जयवंता, धर हात. तिथे नको. मनगटापाशी.

जयवंत : मोजू?

मीराबाई : मोज. पण घोषणा चुकवू नकोस.